खालाचं पाखरू आणि माझे रिठे

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. आणि ती आळसापायी नाही, अतिशहाणपणापायी झाली. कारंज्यात आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, मास्तरीनबाईकडे गेलेलं भांडं गेलं त्याच्यापेक्षा लख्ख होऊन परत येतं. दुसऱ्याची वस्तू धुऊनपुसून द्यायची आणि भांडं असेल तर रिकामं द्यायचं नाही, हे मी धनजहून, माहेराहून शिकून आले. वाटीभर साखर आणली तर वाटी घासून, कोरडी करून, तिच्यात निदान मूठभर शेंगदाणे घालून परत. कोणी न धुता परत दिली तर माझं डोकं सणकतं आणि मी ते तोंडावर बोलून दाखवते. त्यामुळे गल्लीतल्या अर्ध्या बायका माझ्याकडे काही मागायलाच येत नाहीत. न येवोत.

आता पाखराबद्दल. अंगठ्याएवढं चांदीचं पाखरू, वरून सोन्याचं पाणी दिलेलं. ते पाणी चोचीपाशी आणि शेपटीच्या टोकाला उडालेलं. पंख अर्धे उघडलेले, उडू की बसू अशा बेतात. छातीवर आणि पंखांवर बारीक बारीक गुलाबी खडे, डोळ्याला एक हिरवा मणी, आणि पाठीमागे टाचणी. खडे काचेचे आहेत हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. माझ्या शेजारच्या खालाची सासू शिवणकाम करायची. रुईच्या कारखान्यावर कोणी गोरा साहेब होता म्हणे, त्याच्या बायकोचे झगे तिनं शिवले आणि ती बाई परत जाताना पदराची पिन म्हणून हे देऊन गेली. खरं खोटं अल्ला जाने, असं खाला स्वतःच म्हणते. पण तेव्हापासून त्या घरातल्या प्रत्येक नवरीच्या ओढणीला निकाहच्या दिवशी ते पाखरू लागतं.

खाला म्हणजे भिंतीपलीकडची. तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान होतं, आता मुलगा बसतो. वय असेल अठ्ठ्याहत्तर, स्वतः सांगते ऐंशी. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात आमचं पाण्याच्या पायपावरून भांडण झालं. दुसऱ्या आठवड्यात तिनं भिंतीवरून मला कढीपत्ता दिला. त्याला आता तीस वर्षं झाली.

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना माझी रजा संपली. नवरा अमरावतीला नोकरीला, रविवारी यायचा. सासरच्यांनी सांगितलं, नोकरी सोड. मी म्हटलं, सोडत नाही. झालं, सगळे गप्प बसले आणि मदतीलाही कोणी आलं नाही. सकाळच्या सातच्या एसटीनं मला जायचं होतं. खाला दारात आली आणि म्हणाली, "आन तिले इकडं. मी काय पापड लाटून राह्यली का दिवसभर?" त्या दिवसापासून मुलगी तिच्याकडे. पुढे माझी बदली झाली पार केनवडला, रिसोडच्या बाजूला. रोज येणंजाणं शक्यच नव्हतं. दोन वर्षं मी शनिवारी यायची आणि सोमवारी पहाटे निघायची. ती दोन वर्षं मुलगी खालाच्या कुशीत झोपली. तिला पाढे मी नाही शिकवले, खालाच्या मुलानं दुकानात बसवून बांगड्या मोजत शिकवले. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. खालानं तिच्यासाठी वेगळं पातेलं आणि वेगळी कढई घेतली होती. ती आमची शाकाहारी पोरगी, तिच्या जेवणात काही मिसळायला नको म्हणून. मी तसं कधी बोलले नव्हते. बोलायची हिंमतच नव्हती मला, आणि मी कोणाला घाबरणारी बाई नाही.

तर ह्या पोरीचं मे महिन्यात लग्न ठरलं. आजकालच्या मुलींना नवीन दागिना नको असतो. मोबाइलवर पाहून पाहून हिला रिसेप्शनच्या साडीला काहीतरी "विंटेज" पाहिजे होतं. मी म्हटलं, मीच आहे घरातली विंटेज, मला लावून घे. ती सरळ उठून भिंतीपलीकडे गेली आणि "नानी, ते पाखरू दे ना" म्हणाली. मी मागून ओरडत गेले की असं मागू नये, पंधरा दिवसांनी त्यांच्याच घरी नातीचा निकाह आहे. खालानं लोखंडी पेटीतून डबी काढली आणि माझ्याकडे न पाहता पोरीच्या हातात ठेवली.

"माही पोट्टी मले मागते, तू मधात काहून येऊन राह्यली?" एवढंच बोलली.

रिसेप्शन नागपूरला झालं. पाखरू खांद्यावर असं शोभलं की जावयाच्या आत्यानं दोनदा विचारलं, कुठून घेतलं. मुलीनं सांगितलं, माझ्या नानीचं आहे. मुलगी सासरी राहिली, मी डबी पर्समध्ये घालून परत आले. खालाकडचा निकाह आठ दिवसांवर होता.

डबी तशीच नेऊन दिली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. पण नाही. पंखांच्या खाचेत पावडर बसली होती, घामाचा वास येत होता. दुसऱ्याची वस्तू अशी द्यायची? मी दागिने जसे धुते तसे रिठे फोडून कोमट पाण्यात भिजत घातले, फेस काढला आणि पाखरू त्याच्यात सोडलं. मऊ ब्रशनं पंख घासले, पोट घासलं, पुन्हा दोन तास पाण्यात ठेवलं. माझ्या पाटल्या, मंगळसूत्र, आईची नथ, सगळं मी असंच धुते आणि सगळं नव्यासारखं निघतं. संध्याकाळी फडक्यावर वाळत ठेवलं. स्वतःवर खूश होते. सोबत द्यायला करंज्यासुद्धा तळून ठेवल्या.

सकाळी पाहते तर सगळे खडे काळे. गुलाबीचा मागमूस नाही. मेलेल्या मासोळीच्या डोळ्यासारखे धुरकट, एकही चमकत नव्हता. मी पुन्हा पुसले, उन्हात धरले, फुंकर मारली. मग खुर्चीवर बसून राहिले. नवऱ्यानं पेपरमधून विचारलं, "चहा?" मी म्हटलं, तुम्हीच करा. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पेपर खाली ठेवला.

मला काचेची भीती नव्हती. खालाच्या नातीच्या ओढणीला आठ दिवसांनी काळं पाखरू लागणार, आणि ते ज्या घरानं माझं लेकरू सांभाळलं त्या घरात माझ्यामुळे होणार, ह्याची होती. तिनं माझ्या पोरीला आपली पोर समजून दिलेली वस्तू मी माझ्या शहाणपणात बुडवली. ती बोलायची बंद झाली तर? ह्या गावात माझे नातेवाईक पुष्कळ आहेत, पण मी रागानं काहीबाही बोलले तरी दुसऱ्या दिवशी दार उघडं ठेवणारं माणूस एकच आहे.

आणि मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी लपले. शाळेला सुट्टी असली की रोज सकाळी दहा वाजता मी भिंतीपलीकडे जात असे, तिच्याजवळ अर्धा तास बसत असे. ते बंद केलं. बाजारात जायचं तर मागच्या बोळातून गेले. तिची सून दारावर आली तेव्हा आतून ओरडून सांगितलं, डोकं दुखून राह्यलं. करंज्या डब्यात मऊ पडल्या. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, जाऊन सांग ना नानीला, ती काय खाणार आहे तुला?" मी तिच्यावरच डाफरले. चूक आपली आणि डाफरायचं दुसऱ्यावर, ह्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

पहिल्या दिवशी सराफा लाइनमधल्या दोन दुकानांत गेले. एकानं भिंगातून पाहून सांगितलं, "ताई, काच आहे, नवीन घ्या, शंभर डिझाइनं दाखवतो." मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. दुसऱ्यानं हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्या दिवशी वाशीमला जाऊन आले, उन्हात भाजून निघाले, तिथेही तेच. तिसऱ्या दिवशी बांगड्यांच्या गल्लीमागे एक म्हातारे चाचा नथींमध्ये खडे बसवतात असं कळलं, त्यांच्याकडे गेले. एका ओट्यावर बसलेले, समोर लाकडी पाटी, डोळ्याला दोरीनं बांधलेलं भिंग.

त्यांनी पाखरू उलटंपालटं केलं आणि हसले.

"धुतलं ना?"

"हो."

"रिठ्यात?"

"हो. काय चुकलं त्यात? सगळे धुतात."

"सोनं धुतात, बाई. ह्याच्या खड्याखाली पत्रा हाये, कागदासारखा, चमकीचा. काचेले चमक आन रंग त्याचाच असते. खाली पाणी शिरलं, पत्रा सडला. खडा बिचारा काय करन?" मग त्यांनी टोकदार सुईनं एका खड्याचा काठ दाखवला. "एक एक खडा काढून खाली नवा पत्रा घालावा लागन. होते. तीन रोज लागतीन."

माझ्या जिवात जीव आला. मी म्हटलं, मग करा सुरू, आत्ताच करा.

"चीज तुमची हाये?"

खोटं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आयुष्यभर पोरांना खोटं बोलल्याबद्दल उभं केलेलं, जीभ वळली नाही. मी चिडून म्हटलं, "शेजारणीची आहे. तुम्हाला काय करायचं?"

त्यांनी पाखरू डबीत ठेवलं आणि डबी माझ्याकडे सरकवली. "मालकिणीले घेऊन या. तिच्या तोंडानं हो आलं तरच मी खडा काढतो. खडा काढताना फुटला त मी कोनाले तोंड दाखवू?"

मी भांडले. पंधरा मिनिटं भांडले. म्हातारा शांतपणे दुसऱ्या बाईच्या नथीत मोती ओवत राहिला. शेवटी मी डबी उचलली. घरी येईपर्यंत त्याला मनात शिव्या देत होते. दारापाशी आल्यावर मात्र पाय आपोआप डावीकडे, खालाच्या उंबऱ्याकडे वळले. त्या माणसाचे उपकार मी विसरत नाही. त्यानं काम घेतलं असतं तर मी गुपचूप करून आणलं असतं आणि जन्मभर गुपचूपच राहिले असते.

खाला पलंगावर बसून ओढणीच्या काठाला जरीचा गोटा लावत होती. मी डबी उघडून तिच्यापुढे ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं, रिठे, ब्रश, सराफा, वाशीम, चाचा, आणि माफी मागितली. तिनं पाखरू तळहातावर घेतलं. खिडकीकडे धरलं. मी वाट पाहत होते की आता शिवी येईल. तिला शिव्या छान येतात. पण तिनं गोट्याची सुई कापडात खोचली, चपला शोधल्या आणि म्हणाली, "चल. ऑटो आन."

चाचासमोर ती ओट्यावर बसली. त्यांनी विचारलं, काढू का? ती म्हणाली, हो, काढा. मग अडचण निघाली की चाचांजवळ पांढरा पत्रा होता, गुलाबी नव्हता. पांढरा घातला तर पाखरू पांढरं दिसेल. नागपूरहून मागवायचं म्हटलं तर निकाह निघून जाईल. मी पुन्हा कपाळाला हात लावला. तेव्हा चाचाच म्हणाले, बैलाच्या साजाच्या दुकानातून बेगड आना. पोळ्याला बैलांच्या शिंगांना जी चमचमती रंगीत बेगड गुंडाळतात ना, तीच. माझ्या माहेरी भाऊ दरवर्षी आणतो, मी लहानपणी त्याच्या टिकल्या करून कपाळाला लावायची. ती दागिन्याच्या पोटात जाईल हे माझ्या स्वप्नात नव्हतं.

दुकानात मागच्या पोळ्याची उरलेली बेगड एका पत्र्याच्या डब्यात निघाली. घुंगरं, कासरे, बैलांच्या कपाळाच्या मटाट्या ह्यांच्या मधोमध आम्ही दोघी डोकं घालून उभ्या. मला अगदी पहिल्यासारखा फिकट गुलाबी पाहिजे होता, कोणाला कळूच नये असा. तसा नव्हता. एक लाल होता, एक गडद राणी. मी दोन्ही उजेडात धरून घुटमळत राहिले. खालानं माझ्या हातातून राणी रंगाचा ओढून घेतला आणि दुकानदाराला म्हणाली, "हा बांध." माझ्याशी एक शब्द नाही. येताना ऑटोतही नाही. मी मनात म्हटलं, बाई, हे आता असंच राहणार.

चाचांनी तीन दिवसांत काम केलं. एकही खडा फुटला नाही. पाखरू आता पहिल्यासारखं दिसत नाही हे खरं आहे. छाती चांगलीच भडक झाली, उन्हात तर राणी रंगाची ठिणगी पडते. मला ते आवडलं, पण माझ्या आवडण्याला तेव्हा काय किंमत.

निकाहच्या दिवशी मी गेले. जायचं की नाही असा विचारही केला होता, तो नवऱ्यानं मोडला. बायकांच्या खोलीत नातीच्या ओढणीला खालानं स्वतः पाखरू लावलं. दोन वेळा टाचणी चुकली. पोरीबाळींनी विचारलं, अगं, हे आधी असं होतं का? खाला सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या मास्तरीननं आंघोळ घातली त्याले. म्हनून उजळलं." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही ते मी पाहिलं.

जेवणं झाली. खोली रिकामी झाली, खाला एकटी भिंतीला टेकून पाय चोळत बसली होती. मला राहवलं नाही. मी तिच्यापुढे खाली बसले आणि विचारलं, "खाला, अजून राग हाये का?"

"हाये," ती म्हणाली.

"माफी तर मागितली मी. पाखरू पण पहिल्यापेक्षा..."

"पाखराचा कोन बोलून राह्यलं?" तिचा आवाज एकदम चढला. "काच हाये ते. आज हाये, उद्या नाही. तू तीन रोज आली नाही. मी रोज दाराकडं पाहून राह्यली होती. सुनेले पाठवलं त म्हने डोकं दुखते. मंग मले समजलं." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "मले वाटलं, पोट्टी गेली सासरी. आता मास्तरीनचं आपल्याकडचं काम सरलं."

तीन दिवस मी तिच्या रागाला घाबरून मागच्या बोळातून जात होते, आणि ती म्हातारी बाई भिंतीपलीकडे बसून हे समजत होती. तीस वर्षांत मी तिला भांडी धुऊन दिली, वाट्या भरून दिल्या, काही ठेवून घेतलं नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटली. जे सांगायचं होतं ते तेवढं राहून गेलं होतं. मी तिचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि चोळायला लागले, आणि रडत रडत म्हटलं, "खाला, माही पोरगी तुमी वाढवली. मी नाही वाढवली. तुमी होत्या म्हनून मी नोकरी केली, तुमी होत्या म्हनून मी मानूस राह्यली."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मंग?" म्हणाली. "एवढं बोलाले तुले तीस वर्ष काहून लागले?"